विश्वेश्वरय्यांचा विसरलेला वारसा

15 सप्टेंबर हा दिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा तो जन्मदिवस. सरकारी कचेऱ्यांत, तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात, एखादा परिसंवाद घडतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. दिवस येतो तो नेमका पावसाळा सरता सरता. त्यामुळे एकीकडे हा समारंभ चालू असतो आणि दुसरीकडे कुठल्या ना कुठल्या शहरात पुराने नासलेल्या घरांचे पंचनामे चाललेले असतात. ज्या पुरुषाने शहरांना पुरापासून वाचवण्याचे शास्त्र या देशात रुजवले, त्याच्या जयंतीला असा योगायोग घडावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

विश्वेश्वरय्यांच्या नावाभोवती आख्यायिकांचे जाळे पुष्कळ विणले गेले आहे. धावत्या गाडीत बसून त्यांनी रुळाचा तडा आवाजावरून ओळखला, सरकारी कामासाठी एक मेणबत्ती आणि खासगी कामासाठी दुसरी वापरली, अशा गोष्टी शाळाशाळांतून सांगितल्या जातात. त्या खऱ्या की रचलेल्या, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यांचा एक परिणाम मात्र खरा आहे. त्यामुळे एका कसून शिकलेल्या, मोजमाप केल्याखेरीज एक दगडही न हलवणाऱ्या माणसाचे रूपांतर चमत्कार करणाऱ्या सिद्धपुरुषात होते. चमत्काराला नमस्कार करता येतो, त्याचे अनुकरण करता येत नाही. विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचायचे ते अनुकरणासाठी. ते त्या दृष्टीने वाचले तर असे दिसते की, त्यांचे सारे कर्तृत्व अखंड शिक्षणावर उभे आहे.

पुण्याची देणगी

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 मधला. म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील संस्कृतचे विद्वान, घरची परिस्थिती बेताची. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करीत त्यांनी 1881 मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली. अभियंता होण्याची इच्छा होती, परंतु म्हैसूर संस्थानात त्या काळी अभियांत्रिकीचे महाविद्यालय नव्हते. संस्थानने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये धाडले.

या महाविद्यालयाचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1854 मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा एक साधा वर्ग सुरू झाला. इमारती, धरणे, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामांवर देखरेख करू शकतील अशी हाताखालची माणसे तयार करणे, एवढाच त्याचा हेतू होता. त्या वर्गातून पुढे महाविद्यालय उभे राहिले. राज्यकर्त्यांचा हेतू मर्यादित आणि त्यांच्या सोयीचा होता. तथापि शिक्षणाचा स्वभावच असा की, ते देणाऱ्याच्या हेतूपाशी थांबत नाही. हाताखालचे लोक घडवण्यासाठी काढलेल्या या शाळेतून 1883 मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले. परीक्षेत अग्रस्थान मिळवणाऱ्याला सरकारी नोकरीची हमी असे. त्यानुसार 1884 मध्ये ते मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक होती नाशिकला.

पदवी मिळाली म्हणून शिक्षण संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळाचा सायफन घालण्याचे काम त्यांच्याकडे आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. पूर येऊन काम पुनःपुन्हा गाळाने भरू लागले, तेव्हा पावसाळा संपेपर्यंत थांबावे, असे त्यांनी सुचवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. अखेर त्यांनी ते काम पुरे करून दाखवले. महाविद्यालयात न शिकवलेला एक धडा या नदीने तरुण अभियंत्याला दिला: नदीचे पात्र म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, तिचा स्वभाव तिच्या काठावर राहूनच कळतो.

सिंधमधील सक्कर येथे त्यांनी याच जाणिवेतून काम केले. सिंधू नदीचे पाणी गढूळ आणि ते गाळण्यासाठी महागडे गाळणतलाव बांधण्याची नगरपालिकेची ऐपत नाही, असा तेथील पेच होता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रालगत विहीर घेऊन वाळूतून झिरपून येणारे पाणी उचलण्याची योजना केली. निसर्गाने अंथरलेली वाळू हीच गाळणी झाली आणि 1895 पर्यंत गावाला स्वच्छ पाणी मिळू लागले. थोडक्या पैशांत काम करावयाचे तर अधिक ज्ञान लागते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

पाटाच्या पाण्याची शिस्त

1899 मध्ये पुण्यास पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दख्खन तेव्हा दुष्काळाने पोळत होता. नीरा डाव्या कालव्यावर मात्र वेगळेच दृश्य होते. पाटाच्या तोंडाशी असलेले बागाईतदार ऊसाला बेसुमार पाणी देत आणि शेवटच्या टोकाच्या गावाला पाळी येईतो पाट कोरडा पडे. जास्त पाण्याने वरच्या जमिनी पाणथळ होऊन त्यांवर क्षार फुटू लागले होते आणि खालच्या जमिनी पाण्यावाचून करपत होत्या. एकाच पाटाच्या काठी अतिवृष्टी आणि अवर्षण अशी दोन्ही संकटे माणसाने निर्माण केली होती.

यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत योजली. लाभक्षेत्राचे ठरावीक आकाराचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटात ऊसासारखे बारमाही पीक काही भागातच घ्यावयाचे, उरलेल्या भागांत कमी पाण्याची पिके घ्यावयाची, आणि वर्षानुवर्षे ही पिके आळीपाळीने फिरवावयाची. पाणी मोजून आणि पाळीने द्यावयाचे. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात अधिक गावे भिजणार होती आणि जमिनीला विसावा मिळणार होता. प्रारंभी बागाईतदारांनी विरोध केला, कारण कुणाच्या तरी अमर्याद हक्काला यात मर्यादा पडत होती. परंतु प्रत्यक्ष लाभ दिसू लागल्यावर विरोध ओसरला. 1901 मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढेही ही पद्धत मांडली गेली आणि तिची दखल घेतली गेली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ज्या पांझरेच्या खोऱ्यात विश्वेश्वरय्यांनी उमेदवारीची वर्षे घालवली, तेथे फड पद्धत फार पूर्वीपासून नांदत होती. बंधाऱ्याच्या पाण्यावरील जमिनीचे फड पाडून, एकेका फडात एकच पीक घेऊन, गावाने नेमलेल्या पाटकऱ्यांकरवी पाणी वाटण्याची ती रीत. ब्लॉक पद्धतीचे आणि तिचे काही बाबतींत साम्य आहे. पाण्याचे शहाणपण केवळ पुस्तकांतून येत नाही, ते शेताच्या बांधावरही असते, याची खूण त्यातून पटते.

त्याच काळातली त्यांची दुसरी करामत म्हणजे खडकवासल्याची स्वयंचलित दारे. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या या धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात बरेच पाणी वाया जाई. सांडव्याची भिंत कायमची उंच करावी, तर मोठ्या पुरात धरणाला धोका. विश्वेश्वरय्यांनी असा दरवाजा योजला की, पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की तो आपोआप उघडावा आणि पूर ओसरला की आपोआप मिटावा. 1903 मध्ये ही दारे बसली आणि धरणाची साठवणपातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसवण्यात आली. पूर आणि टंचाई हे एकाच पाण्याचे दोन चेहरे आहेत, हा विचार या यंत्राच्या मुळाशी होता.

पुढे मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता म्हणून त्यांनी अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि गटारांच्या योजना तपासल्या. एडनसारख्या रखरखीत बंदरासाठीही त्यांनी पाण्याची आणि मैलानिःसारणाची योजना आखून दिली. परंतु सर्वोच्च पदावर हिंदी माणसाला नेमण्याची त्या सरकारची तयारी नव्हती. हे ओळखून त्यांनी 1908 मध्ये सेवेतून मुक्त होण्याचे ठरवले आणि ते परदेशच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले. 1898 मध्ये जपान पाहून आले होते, आता युरोप आणि अमेरिका. सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावरचा, नाव मिळवलेला अभियंता पुन्हा विद्यार्थी होऊन धरणे, पाणीपुरवठा आणि गटारे पाहत हिंडत होता.

मुसी नदीचा कोप

तो दौरा चालू असतानाच 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादवर आकाश कोसळले. अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावणारी मुसी एरवी शांत नदी. त्या दिवशी तिने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात असावी, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसल्यामुळे सुमारे दीडशे लोक वाचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात त्या झाडाची स्मृती अजून जपली जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना तारेने पाचारण केले. ते त्या वेळी इटलीत होते. त्यांनी आमंत्रण स्वीकारले, परंतु आधी दौरा पुरा करण्याची मुभा मागून घेतली आणि 1909 च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादला आले.

एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर लोकांची आणि दरबाराची अपेक्षा काय असते, हे सांगावयास नको. काहीतरी तातडीने बांधून दाखवावे, नदीकाठी उंच भिंती उभाराव्यात, असाच आग्रह असतो. विश्वेश्वरय्यांनी प्रथम हाती घेतल्या त्या पावसाच्या नोंदी. पाणलोटात पाऊस नेमका किती पडला, किती वेळात पडला, तो नदीत कोणत्या वाटेने आला, याचा त्यांनी कसून शोध घेतला. शमशाबाद येथे चोवीस तासांत 12.8 इंच पाऊस नोंदला गेला होता. एवढा पाऊस अपवादात्मक की पुन्हा येऊ शकणारा, हे ठरवण्यासाठी त्यांनी देशातील इतर भागांतील वादळी पावसाच्या नोंदींशी त्याची तुलना केली. नदीच्या वरच्या खोऱ्यात लहानमोठे 788 तलाव होते. त्यांपैकी 221 फुटल्याचे आढळले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे, अशी ही साखळी होती. पुराच्या खुणांवरून त्यांनी कमाल प्रवाह सेकंदाला सुमारे 4,25,000 घनफूट असल्याचे अनुमान काढले.

या मोजणीतून उपाय निघाला. एवढे पाणी शहरातील पात्रातून सुखरूप नेणे अशक्य होते. तेव्हा पुराला शहरात अडवण्यापेक्षा शहराच्या वरच्या अंगालाच थोपवावे आणि मग हळूहळू सोडावे, हा मार्ग त्यांनी सुचवला. मुसीवर एक आणि तिची उपनदी इसी हिच्यावर एक, अशी दोन पूरनियंत्रक धरणे बांधावीत. शहरातील काठ उंच करून त्यावर रस्ते आणि उद्याने करावीत. शहराच्या गटारांची व्यवस्था नव्याने आखावी. त्यातूनच 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पुरे झाले. पुराला आवर घालणारे हे दोन तलाव हैदराबादची तहानही भागवू लागले. पुढे 1922 मध्ये विश्वेश्वरय्या गटारयोजनेच्या कामासाठी पुन्हा हैदराबादला गेले.

या प्रकरणातील महत्त्वाची बाब अशी की, विश्वेश्वरय्या तेथे थांबले काही महिनेच, कारण 1909 च्या नोव्हेंबरात ते म्हैसूरला रुजू झाले. धरणे उभी राहिली ती पुढच्या अठरा वर्षांत, निजामाच्या राज्यातील अभियंत्यांच्या हातून. आराखडा एकाचा आणि काम पुढच्या पिढीचे, हे शक्य झाले ते अहवालात निष्कर्षांबरोबर त्यांचा आधारही नोंदलेला होता म्हणून. आधार लिहून ठेवला म्हणजे दुसरा माणूस तो तपासू शकतो, सुधारू शकतो, पुढे नेऊ शकतो. अभियंत्याच्या प्रशिक्षणाचे याहून मोठे साधन नाही.

माणसे घडवण्याचे काम

म्हैसूरमध्ये ते आधी मुख्य अभियंता आणि 1912 ते 1918 या काळात दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. 1911 मध्ये काम सुरू झाले. सिमेंट दुर्मिळ आणि महाग होते म्हणून चुना आणि विटांची भुकटी यांच्या सुरखीत ही दगडी भिंत उभी राहिली. या धरणाने मंड्याचा कोरडा मुलूख भिजवला आणि शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला बारमाही पाणी मिळवून दिले.

परंतु याच काळातील दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि 1917 मध्ये बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. ज्या मुलाला अभियंता होण्यासाठी शिष्यवृत्ती घेऊन दुसऱ्या इलाख्यात जावे लागले होते, त्याने तीन दशकांनंतर आपल्या प्रांतातील मुलांसाठी ती सोय दाराशी आणून ठेवली. धरण बांधणे आणि धरण बांधणारी माणसे घडवणे, ही कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते. बंगळूरच्या जयचामराजेंद्र व्यवसायशिक्षण संस्थेमागेही त्यांचीच प्रेरणा होती. पदवीधर अभियंत्याइतकाच कुशल कारागीरही देशाला हवा, हे त्यांनी ओळखले होते.

वयाची ऐंशी आणि नव्वदी त्यांना थांबवू शकली नाही. 1937 मध्ये ओरिसातील पुरांचा अभ्यास करून त्यांनी महानदीच्या प्रश्नावर अहवाल दिला. 1952 मध्ये गंगेवरील पुलाची जागा ठरवण्याच्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. 1955 मध्ये भारतरत्न ही पदवी त्यांना मिळाली.

उणी बाजू

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या मर्यादा झाकल्या तर ते चरित्र राहत नाही. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना निश्चित वाटा द्यावा, असा विचार महाराजांनी पुढे आणला, तेव्हा विश्वेश्वरय्यांचा त्याला विरोध होता. गुणवत्तेला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. या मतभेदातून ते 1918 च्या अखेरीस दिवाणपदावरून दूर झाले. ज्यांना गुणवत्ता मिळवण्याची संधीच पिढ्यानपिढ्या नाकारली गेली, त्यांच्याकडे गुणवत्तेचा दाखला मागणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्यांना हवा तसा भिडला नाही. शिष्यवृत्तीच्या एका शिडीने स्वतः वर आलेल्या पुरुषाने शिड्या वाढवण्याचा आग्रह धरला, पण शिडीपर्यंत पोचूच न शकणाऱ्यांचे दुःख त्यांच्या हिशेबात पुरते आले नाही. कृष्णराजसागराखाली गेलेल्या गावांचे आणि कावेरीच्या वाटपावरून पेटलेल्या तंट्याचेही असेच. 1924 चा करार झाला, तरी तंटा मिटला नाही. पाणी मोजणे हे शास्त्र आहे, ते वाटणे हे राजकारण आहे. पहिल्यात ते पारंगत होते, दुसऱ्यात त्यांची दृष्टी त्यांच्या काळाने आणि पदाने बांधलेली होती.

खडकवासल्याचा इशारा

12 जुलै 1961 रोजी पुण्यावर जे संकट कोसळले, त्या वेळी विश्वेश्वरय्या बंगळूरला हयात होते. पानशेतचे मातीचे धरण अपुऱ्या अवस्थेत भरू दिले गेले आणि फुटले. त्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याची भिंतही खचली. ज्या धरणावर साठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वयंचलित दारे बसवली, त्याचीच ही गत झाली. खडकवासल्याची दारे आपल्या पाणलोटातील पुरासाठी होती. वरचे धरण फुटून येणाऱ्या लोंढ्याचा हिशेब त्यांत असणे शक्यच नव्हते. जुना हिशेब कितीही अचूक असला, तरी परिस्थिती बदलली की तो नव्याने मांडावा लागतो, हा त्या दिवसाचा इशारा होता. 1962 च्या एप्रिलमध्ये, शंभराहून अधिक वर्षांचे आयुष्य जगून, विश्वेश्वरय्यांनी बंगळूरला देह ठेवला.

तो इशारा पुरेसा ऐकला गेला, असे म्हणता येत नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. 1993 च्या अहवालाने ती क्षमता 50 मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे सुचवले. काम रेंगाळले, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. शेकडो माणसे प्राणाला मुकली. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याने असाच कहर केला. खुद्द हैदराबादही सुटले नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये तेथे पूर आला, तो मुख्यतः शहरावरच पडलेल्या पावसाचा. वरच्या अंगाची धरणे नदीचा पूर थोपवू शकतात. शहरातील तलाव आणि नाले बुजवल्यावर गल्लीत साचणारे पाणी ती थोपवू शकत नाहीत. विश्वेश्वरय्यांचा 1909 चा हिशेब 1909 च्या शहराचा होता. आजच्या शहराचा हिशेब आजच्या अभियंत्याने मांडावयाचा आहे.

तो मांडण्यासाठी त्याला तयार कोण करणार, हा कळीचा प्रश्न आहे. शेतीच्या पाण्याच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देण्यासाठी महाराष्ट्राने 1980 मध्ये औरंगाबादला जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था काढली. हे पाऊल दूरदृष्टीचे होते. शहरी पावसाच्या बाबतीत मात्र तेवढी तत्परता दिसली नाही. शहरी पुरांविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक सूत्रे आली ती 2010 मध्ये, मुंबई बुडाल्यानंतर पाच वर्षांनी. पर्जन्यजलवाहिन्यांच्या आखणीवर केंद्र सरकारची स्वतंत्र नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली ती 2019 मध्ये. आणि पुस्तिका छापली म्हणजे ती लहान नगरपालिकेतील कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यात उतरली, असे होत नाही. काल रस्त्यांचे काम पाहणारा, उद्या कदाचित इमारत परवान्याकडे जाणारा हा अभियंता आज नाल्यांचा प्रमुख असतो. त्याला पाणलोट कसा आखावा, पावसाची तीव्रता कशी काढावी, काँक्रीटने झाकलेल्या जमिनीवरून किती पाणी वाहून येईल, याचे पद्धतशीर आणि पुनःपुन्हा होणारे प्रशिक्षण मिळाले नाही, तर नालेसफाईच्या ठेक्यापलीकडे त्याच्या हाती काय उरते?

प्रशिक्षण म्हणजे पंचतारांकित हॉटेलातील दोन दिवसांचा मेळावा, चहापान आणि प्रमाणपत्र, असा समज रूढ होत चालला आहे. परिसंवादांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्या स्वतः जन्मभर नव्या गोष्टी पाहत आणि तज्ज्ञांना भेटत हिंडले. परंतु पाहिलेले ते कामात उतरवत आणि नोंद करून मागच्यांसाठी ठेवत. परिसंवादातून परतलेल्या अभियंत्याने आपल्या शहरातील एका तरी ओढ्याचे मोजमाप केले का, पुराची पातळी भिंतीवर खुणेने नोंदवली का, हे विचारले गेले पाहिजे. विचारणारे वरिष्ठही तेवढे शिकलेले असले पाहिजेत. अभियंत्याने पात्रात बांधकामाला नकार दिला, तर त्याची बदली न होता त्याच्या पाठीशी उभे राहणारे लोकप्रतिनिधीही हवेत, कारण ज्ञानाला पाठबळ नसेल तर ते फायलीत बंद राहते.

यात शाळेला आणि महाविद्यालयालाही वाटा आहे. पर्जन्यमापकात रोज साठलेले पाणी मोजून वहीत लिहिण्यास पदवी लागत नाही. गावातील शिक्षकाने, कचेरीतील कारकुनाने, शाळेतील मुलांनी नियमाने ठेवलेल्या नोंदी उद्याच्या अभियंत्याच्या उपयोगी पडतात. शमशाबादच्या मापकातील आकडा कुणीतरी नेमाने लिहून ठेवला होता, म्हणूनच 1909 मध्ये मुसीच्या पुराचा हिशेब लागू शकला. त्या लिहिणाऱ्याचे नाव इतिहासाला माहीत नाही, पण दोन धरणांच्या पायात त्याचा आकडा आहे.

विश्वेश्वरय्यांचा वारसा हा असा, नोंदीचा, मोजणीचा आणि शिकत राहण्याचा आहे. पुतळ्याला हार घालणे सोपे आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु पुढच्या 15 सप्टेंबरला प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतील नाल्यांचा अद्ययावत नकाशा आणि त्या पावसाळ्याच्या पावसाच्या नोंदी नागरिकांपुढे ठेवल्या, तर त्या थोर अभियंत्याचे स्मरण अधिक खरे ठरेल, आणि पुढच्या पावसाळ्यात काही घरे तरी कोरडी राहतील.